बागेतले गुलाबी झेंडे

१२ डिसेंबर १९९३, रविवार

उन्हाळ्यात पचमढीच्या गाईड शिबिराला गेले होते तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता, तो काल हेडमास्तरांच्या कानात सोडला एकदाचा. खेळ असा: स्टेशनाकडच्या मोठ्या बागेचा नकाशा पोरांच्या हातात द्यायचा, सोबत एक होकायंत्र, आणि बागेत ठिकठिकाणी बांधलेले झेंडे शोधायला सोडून द्यायचं. प्रत्येक झेंड्याला वेगळ्या रंगाची पेन्सिल टांगलेली. झेंडा सापडला की त्या पेन्सिलीनं आपल्या कार्डावर खूण करायची आणि पुढच्या झेंड्याकडं सुटायचं. आईबापांनी कडेला सतरंज्या टाकून बसायचं, डबे खायचे आणि पोरांना काहीएक सांगायचं नाही. आमच्या परभणीत हे शेवटचंच सगळ्यात अवघड.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, दिवस कसले आलेत, आन् तुमचं हे काय चाललंय?"

दिवस कसले आहेत ते मला कळत नाही की काय! विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देणार का नाही देणार, ह्यावर चहाच्या टपरीतली बाकडीसुद्धा वाटली गेलीत. मी नोकरीला लागले तेव्हापासून हेच ऐकतेय. मोठी माणसं भांडतात, गावं पेटतात, आणि पोरं मधल्या सुट्टीत आपापल्या वस्तीचा गट करून डबा खातात. म्हणून तर मला हा खेळ घ्यायचाय. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावणार. आणि दोघांचे हात रुमालानं एकमेकांना बांधणार, म्हणजे एकजण पुढं पळाला आणि दुसरा मागं राहिला असं होणारच नाही. ही रुमालाची कल्पना पचमढीची नव्हे, माझी स्वतःची.

हेडमास्तरांनी मान डोलावली. ती हो होती का कंटाळा, ते त्यांनाच माहीत. मी हो धरलं.

२० डिसेंबर, सोमवार

नकाशा झाला! चित्रकलेच्या खिल्लारे सरांनी काय सुरेख काढलाय. हौद, बंद पडलेलं कारंजं, घसरगुंडी, चिंचा, माळ्याची खोली, मारुतीचं छोटं देऊळ, सगळं जिथल्या तिथं. रंगनाथ खिल्लारे म्हणजे आमच्या शाळेतला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. त्यांची विशाखा माझ्या पाचवीच्या वर्गात आहे. नकाशा उलटा धरला तरी पोरगी उत्तर दाखवते. तिला खेळात घ्यायचंच.

सरांना मी स्पष्ट सांगितलं, "नकाशा तुमचा, पण झेंडे कुठं बांधणार ते तुम्हालाही कळणार नाही." शिबिरातला नियमच तो. झेंडे बांधणारा एकटाच, बाकी कुणाला वाससुद्धा लागता कामा नये. सर हसून म्हणाले, "तुमचा नियम, बाई."

आता झेंड्याचा रंग. अगं बाई, ह्या एका गोष्टीनं दोन रात्री डोक्याला ताप दिला. भगवा लावावा तर एक बाजू, निळा लावावा तर दुसरी, हिरवा लावला तर तिसरीच कटकट. पांढरा तर शरण आल्याचा. शेवटी कापडवाल्याकडून गुलाबी अस्तर फाडून आणलं. गुलाबी रंगाचा पक्ष अजून कुणी काढलेला नाही. इतका बारीक विचार माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी केला असता का, सांगा!

२८ डिसेंबर, मंगळवार

आज खिल्लारे सरांच्या घरी गेले. सर स्वतः हो म्हणाले होते, पण त्यांच्या आई, दगडाबाई, नातीला सोडायला तयार नव्हत्या. म्हातारी काटक आहे. मूळच्या चारठाण्याकडच्या. सतरंजी अंथरली, चहा दिला, आणि समोर बसून मला नीट न्याहाळून घेतलं.

"बाई, पोरीला बागंत न्यायलाव, आन् तिथं सगळ्या जातीची माणसं जमायलीत. गावात काय वारं सुटलंय ते तुमी बी बघायलाव. काई झालं म्हंजे?"

मी म्हटलं, "काही होणार नाही. माझा शब्द आहे. पोरीच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. जशी नेली तशी आणून देते."

"कुनी न्हाई?"

"कुणी म्हणजे कुणीच नाही."

म्हातारीनं आत बघून पोरीला हाक मारली. मग विशाखाला म्हणाली, "जा मंग." पोरगी उडालीच.

परत येताना छाती भरून आली होती. शब्द देऊन तर बसले. एका टाळक्यानं दगड भिरकावला तर मी काय पदर पसरून झेलणार आहे?

३ जानेवारी १९९४, सोमवार

चिठ्ठ्या टाकल्या. विशाखा खिल्लारेची जोडी कुणाशी निघावी? आमच्या भुजंगशी! थोरल्या भावजींचा मुलगा. म्हणजे दिनकररावांचा. सेलूच्या मोंढ्यात ज्यांच्या शब्दावर कापूस उतरतो आणि नामांतराच्या विरोधाच्या सभेत जे पहिल्या खुर्चीवर बसतात, त्या दिनकररावांचा. पोरगा शिकायला परभणीत माझ्याच घरी आहे.

क्षणभर वाटलं, गपगुमान चिठ्ठी बदलावी. कुणाला कळणार होतं? पण पोरं टक लावून बघत होती. भुजंग तर लगेच म्हणाला, "बरं झालं काकू, हिला नकाशा येतो." त्याच्या लेखी विषय संपला.

रात्री यांना सांगितलं. माणिकराव पेपरातून तोंड न काढता म्हणाले, "दादाला कळलं की तू आन् दादा बघून घ्या. मला मधी घेऊ नको." बारा महिने तेरा काळ हे असंच. यांच्या घरच्या माणसांशी भांडायचं कंत्राट माझ्याकडं.

८ जानेवारी, शनिवार

उद्या खेळ. बाजारात कुजबुज आहे की आठवड्याभरात सरकार काहीतरी जाहीर करणार. चौकाचौकात पोलीस बसलेत. तीन घरांतून निरोप आला, आमचं पोरगं येणार नाही. हेडमास्तरांनी विचारलं, "पुढं ढकलायचं का?" पुढं म्हणजे कुठं? ढकलून ढकलून आम्ही सगळे इथवर आलोय.

संध्याकाळी एकटी बागेत जाऊन जागा पक्क्या केल्या. एकाच जागेची काळजी होती. देवळाच्या बाजूला टवाळ पोरं पत्ते कुटत बसतात, झेंडा पळवायला कमी करणार नाहीत. मग सुचलं, झेंडा देवळातच बांधावा, मारुतीच्या घंटेला. देवळातलं कापड उचलायची कुणाची छाती नाही. एवढंसं तर देऊळ, दोन पायऱ्या चढल्या की घंटा. नकाशावर सरांनी काढलंच आहे. स्वतःवरच खूश होऊन घरी आले.

झोप येत नाही. दगडाबाईंचं "कुनी न्हाई?" कानात वाजतंय.

९ जानेवारी, रविवार

सगळं लिहूनच झोपणार.

सकाळ छान होती. येणार नाहीत म्हणालेल्यांतलीसुद्धा काही आली. बायकांनी सतरंज्या टाकल्या, डबे उघडले, एकीचं लोणचं दुसरीच्या पोळीवर गेलं. मी शिट्टी फुंकायची आणि रुमालानं बांधलेली एकेक जोडी नकाशा फडफडवत पळायची. कुणी होकायंत्राची सुई उत्तरेला धरून स्वतः दक्षिणेला पळतंय, कुणी घसरगुंडीवर एकदा घसरूनच पुढं जातंय. हसून पुरेवाट झाली.

विशाखा आणि भुजंग सुटले आणि पाठोपाठ फाटकाशी जीप थांबली. थोरले भावजी. बरोबर दोन माणसं. कुणीतरी सेलूला कळवलंच होतं. मी पदर डोक्यावर घेतला.

"भुजंग कुठंय?"

"खेळतोय, भावजी."

"खिल्लाऱ्याच्या पोरीच्या हाताला हात बांधून?" आवाज चढला नव्हता, तेच वाईट. "सोडा तेवढा रुमाल. बोलवा त्याला."

लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या माणसासमोर मी मान वर केली नव्हती. आज केली. म्हटलं, "चिठ्ठीत निघालंय. खेळ संपला की सोडते." सतरंज्यांवरच्या बायका घास हातात धरून बघत राहिल्या. भावजी जीपला टेकून उभे राहिले. पलीकडं चिंचेखाली खिल्लारे सर उभे होते. दोघांनी एकमेकांकडं एकदाही बघितलं नाही.

जोड्या परत यायला लागल्या. तेवढ्यात एक सायकलवाला ओरडत गेला, "दुकानं लावून घ्यायलेत! बाजार बंद व्हायलाय!" काय झालं, कुठं झालं, कुणाला ठाऊक नाही. सतरंज्या गोळा झाल्या, डबे उघडेच पिशवीत गेले. आलेल्या पोरांना आया हाताला धरून ओढत फाटकाकडं न्यायला लागल्या. रुमाल सोडायलासुद्धा कुणी थांबेना, दोन पोरं तर बांधलेलीच एका आईबरोबर गेली. बघता बघता सगळे आले, फक्त दोघं नाहीत.

भावजींची माणसं "भुजंग! ए भुजंग!" करत हौदाकडं पळाली. सर पांढरेफटक पडून माळ्याच्या खोलीकडं धावले. मला काय काय दिसायला लागलं ते लिहवत नाही. कुणी पोरीला अडवलं असेल, कुणी काही म्हटलं असेल, कुणी मारलं असेल. मी साडी खोचून पळत सुटले. माझा शब्द, माझा शब्द, एवढंच डोक्यात.

आणि दोघं कुठं असावीत? मारुतीच्या देवळासमोर, पायऱ्यांच्या अलीकडं, मातीत मांडी घालून. हाताला रुमाल तसाच. मधी कागदावर बोरं. नकाशात डोकं घालून आरामात चाललं होतं, आणि गुलाबी झेंडा समोर घंटेला लोंबतोय!

जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी असा संताप आला! "दिसत नाही का रे समोर? सगळं गाव तुम्हाला शोधतंय आणि तुम्ही बोरं खाताय?"

भुजंग म्हणाला, "दिसतंय की काकू, पण ही..."

"पण बिण काही नाही. ऊठ!"

मागून पावलं वाजली. भावजी, त्यांची माणसं, सर, सगळे येऊन उभे. आणि मला एकदम उलगडलं. पोरगी पायरी चढायला घाबरलीय! इतक्या वर्षांनंतरसुद्धा, माझ्या वर्गातली पोरगी, मारुतीच्या दोन पायऱ्यांना घाबरतेय! मी भावजींना ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "चल गं विशाखा. मारुती सगळ्यांचा आहे. बघू कोण अडवतं." तिच्या चपला काढायला लावल्या, मनगट धरलं आणि तिला वर घेऊन गेले. रुमालामागं भुजंग ओढला गेला. तिचा हात ताठ झाला होता. पेन्सिल बोटांत दिली, ती गळून पडली. परत दिली, तिच्या हातावर माझा हात ठेवला आणि खूण करून घेतली. घंटासुद्धा वाजवून घेतली.

वळून भावजींकडं बघितलं. त्यांनी नजर फिरवली. "चला," एवढंच म्हणाले, भुजंगला सोडवून घेऊन गेले. पहिल्यांदा त्यांनी माझ्यासमोर माघार घेतली.

खिल्लारे सर खाली बसले, पोरीच्या पायात चपला चढवल्या, तिच्या परकराची माती झटकली. "येतो, बाई," म्हणाले. आवाज जड होता. भरून आलं असावं त्यांना.

बाजारात काही झालंच नव्हतं म्हणे, नुसती आवई. भावजींनी पोराला रात्री परत आणून सोडलं, आत न येता.

पोरगी सुखरूप घरी गेली. शब्द पाळला मी.

१० जानेवारी, सोमवार

निकाल फळ्यावर लिहिला. बाकी जोड्यांचे गडबडीत एक-दोन झेंडे राहिलेच. सगळ्या खुणा फक्त विशाखा आणि भुजंगच्या कार्डावर. पहिला नंबर! विशाखा आज आली नाही. बक्षिसाची कंपासपेटी सरांकडंच दिली. त्यांनी घेतली, पिशवीत टाकली. मी म्हटलं, "काल कसं वाटलं, सर?" ते म्हणाले, "तास आहे माझा," आणि गेले. आधीच कमी बोलणारा माणूस.

१२ जानेवारी, बुधवार

विशाखा आजही नाही. ताप आला असेल म्हणून संध्याकाळी घरी गेले. पोरगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. सर वाचनालयात गेलेले. दगडाबाईंनी चहा केला. मी म्हटलं, "बघा, आणून दिली की नाही धडधाकट?"

"दिलीत की," म्हातारी म्हणाली. मग आपणहून सांगायला लागली. "आमच्या गावात, बाई, माझा सासरा देवळाच्या पायरीवर पाय दिला म्हनून लय मार खाल्लेला मानूस. लय आस होती त्याला त्या देवाची. मंग बाबासायबानं सांगितलं, आन् आमी आमच्या हातानं घरातले देव सोडले. सासरा त्या दिवशी लेकरावानी रडला, पर सोडले. त्येंनी हाकललं ते येगळं. आमी सोडलं ते येगळं. पोरीला म्या येवडंच शिकवलंय."

मी म्हटलं, "जुने दिवस गेले, आजी. आता कुणी हाकलत नाही. मी स्वतः नेलं ना तिला आत!"

तिनं कप उचलले. "व्हय," म्हणाली. "नेलं."

काय सांगायचं होतं ते मला नीट कळलं नाही. मनाला काहीतरी लागलंय म्हातारीच्या. बहुतेक सासऱ्याची आठवण. चहा फक्कड होता, पण माझा कप अर्धाच राहिला होता.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. दुपारी तिळाच्या वड्या थापत होते, भुजंग ओट्याशी येऊन तीळ तोंडात टाकत बसला. सहज विचारलं, "त्या दिवशी मातीत का बसला होतात रे? घाबरली होती ना ती?"

"कोन, विशाखा?" पोरगा हसला. "ती कशाला घाबरती? ती म्हनली, आमी देवळात जात न्हाई, तू जाऊन खूण कर. मी म्हनलो, रुमाल हाय की. ती म्हनली मंग ह्यो झेंडा सोडून देऊ, एक कमी पडला तर पडला. मी म्हनलो चालतंय. बाकीचे झालेच होते, बोरं संपली की परत निघनारच होतो आमी."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी बोलू कुठं दिलं, काकू?"

मला राग आला. एवढ्याएवढ्याशा पोरानं मला सुनवावं! वडी हातात कोंबून त्याला खेळायला पिटाळला. पण वड्या कापताना सुरी वाकडी जायला लागली. जात न्हाई, म्हणाली. जाऊ देत न्हाईत, असं नव्हे.

संध्याकाळी बातम्यांत सांगितलं. नामांतर झालं, विद्यापीठाच्या जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडून. एका बाजूनं फटाके ऐकू आले, आमची गल्ली मात्र चिडीचूप. यांनी कडी लावून घेतली. भावजींचा निरोप आला, दोन दिवस कुणी बाहेर पडू नका. मी खिल्लारे सरांच्या घरी द्यायला वाटीभर तिळगूळ बाजूला काढून ठेवला होता. कडीकडं बघत बसले. खरं सांगायचं तर कडी नसती तरी आज माझी हिंमत झाली नसती.

१७ जानेवारी, सोमवार

शाळा भरली. निम्मे बाक रिकामे, कोपऱ्यावर पोलिसांची गाडी. मी हजेरी उघडली आणि दारात विशाखा. एकटी. दप्तरातून कंपासपेटी काढून माझ्या टेबलावर ठेवली. दोऱ्याची गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

"काय गं हे?"

"बाई, पहिला नंबर आमचा नाही. एक झेंडा आमचा राहिला होता."

"कार्डावर खूण आहे की त्याची."

"ती तुम्ही केली."

पोरांच्या माना वर झाल्या. मी आवाज खाली आणला. "बाळा, आत गेलीस म्हणून कुणी काही बोललं का तुला?"

"नाही."

"आजी रागावली? सर?"

"नाही. घरी कुणीच काही बोललं नाही."

"मग झालं तरी काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. गणित न कळणाऱ्या पोराला कळणारं पोरगं बघतं, तसं बघत होती. "मला जायचं नव्हतं, बाई," म्हणाली आणि जाऊन आपल्या बाकावर बसली.

भुजंग उठला. त्यालाही पेटी मिळाली होती. ती आणून त्यानं तिच्या पेटीशेजारी ठेवली.

मी फळ्याच्या कोपऱ्यातला निकाल पुसला. नवा लिहिला. ह्या जोडीपुढं, एक झेंडा सोडला, असं लिहिलं. खडू दोनदा तुटला. मग भूगोलाचं पुस्तक उघडलं, पण काय शिकवलं ते आता आठवत नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत गेले. खिल्लारे सर समोरच होते. मला बघून उभे राहिले, मी बसेपर्यंत उभेच राहिले, आणि मग बाहेर निघून गेले. सर इतक्या अदबीनं माझ्याशी कधीच वागले नव्हते.

म्हातारीला मी शब्द दिला होता, पोरीच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. त्या दिवशी बागेत भावजी होते, त्यांची माणसं होती, पत्ते कुटणारी टवाळ पोरं होती. कुणी तिला बोटसुद्धा लावलं नाही. हात फक्त मी लावला.